कूलरवाला आणि ब्लॅक होल

दर उन्हाळ्यात आमचा कूलर दुरुस्त करायला येणारा हा माणूस मला एकच प्रश्न विचारतो. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, हाच माझा गुन्हा.

"सर, परदेशात जमिनीखाली ते कण आपटून राहिले म्हणे. ब्लॅक होल झाला अन् पृथ्वी गिळली तर?"

याहून जोरदार कण आकाशातून रोज आदळतात, तरी पृथ्वी जागच्या जागी आहे, हे सांगून सांगून माझा घसा बसला. यंदाही तेच सांगत होतो. तो अनवाणी, ओल्या फरशीवर उभा राहून चालू कूलरच्या पत्र्याला उलटा हात लावत होता.

"थोडासाच करंट मारते. चालते."

मी ओरडत जाऊन प्लग उपटला. त्याचं लक्षच नव्हतं.

"त्या सायंटिस्ट लोकाइले जिवाची कदरच नाई, सर."