साबणाच्या शेजारची बातमी

ऋता आमच्याच मजल्यावर राहते, सिंगापूरच्या टॅम्पिनीसला. नवी शेजारीण म्हणून पहिल्यांदा तिच्याकडे चहाला गेले, तर तिने मला लॅपटॉपवर साबण दाखवला. मग छत्र्या, मग तापावरच्या गोळ्या, मग केस काळे करणारं तेल. सगळं सव्वाशे वर्षांपूर्वीचं. कृष्णाकाठच्या एका लहानशा गावातून 'वृत्तलहरी' नावाचं साप्ताहिक निघायचं, त्यातल्या या जाहिराती. लोक लग्नाचा अल्बम दाखवून छळतात, ही असं छळते, असं मनात म्हणत मी बसून राहिले. दुसऱ्या कपापर्यंत मात्र मलाच त्यात गोडी लागली.

तिची लाडकी जाहिरात साबणाची. 'अस्सल विलायती साबण. जनावराची चरबी नाहीं अशी खात्री. पसंत न पडल्यास माल परत घेऊं.' दुकानदाराला माहीत होतं, चरबीच्या संशयाने वडी कुणाच्या न्हाणीघरात शिरणार नाही, म्हणून दर आठवड्याला तो नव्याने शपथ घ्यायचा. पुढच्या वर्षी त्याने 'सोंवळ्यांतही चालतो' असंही छापून टाकलं. ऋता त्या दुकानदाराबद्दल असं बोलायची की जणू तो आमच्याच ब्लॉकखाली दुकान चालवतोय.

पुण्याला असताना तिने याच विषयावर प्रबंध घेतला होता. बातम्यांवर सगळेच लिहितात, जाहिरातींकडे कुणी ढुंकून बघत नाही, हे तिचं पालुपद. त्या साप्ताहिकाची फाइल फक्त गावच्या वाचनालयात होती, दुसरीकडे कुठेही नाही. सौमित्रला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सिंगापूरची नोकरी लागली तेव्हा प्रबंध अर्धा होता. निघण्याआधी घाईघाईने ती गावी जाऊन फोटो काढून आली. मग इथे नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेला डिपेंडंट पास, मग अवनी, मग अवनीची शाळा. प्रबंध राहिला तो राहिलाच. पण मुलगी शाळेत गेली की ही फोटो उघडून बसायची. मी तिला चिडवायचे, तुझी डॉक्टरकी साबणाच्या फेसात गेली. ती हसायची, पण तिला ते लागत असे, हे मला दिसत होतं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आम्ही इथे बसून फोनवर पाण्याचे व्हिडिओ बघत होतो, दुसरं काय करणार. पाणी उतरल्यावर वाचनालयाच्या दिलीपकाकांचा फोन आला. हे काका तिथे उभं आयुष्य काढलेले. ऋताने फोटो काढले तेव्हा पानं सपाट धरून तेच उभे राहिले होते.

“ताई, सगळं गेलं,” काका म्हणाले. “फायलींचा लगदा झाला. नगरपालिकेच्या ट्रॅक्टरमधून नेला. पण मी सगळ्यांना सांगितलंय, काळजी करू नका. आपला पेपर सिंगापूरला सुखरूप आहे.”

फोन ठेवून ऋता तशीच माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक.

“विद्याताई, माझ्याकडे पेपर नाहीये. नुसत्या जाहिराती आहेत.”

मला आधी कळेना. मग तिने फोटो दाखवले. कॅमेरा साधा, अक्षर बारीक, म्हणून तिने तो जवळ धरून प्रत्येक जाहिरात तेवढीच चौकटीत घेतली होती. वर्षानुवर्षांचे अंक, त्यातल्या छत्र्या आहेत, घड्याळं आहेत, आणि गाव कुठेच नाही. काका तेव्हा म्हणाले होते, अख्खं पान घ्या की. ही म्हणाली होती, बातम्या नकोत मला.

“सांगून टाक त्यांना,” मी म्हटलं.

“कसं सांगू? गावात तेवढाच एक धीर आहे त्यांना.”

सौमित्रने ऑफिसातल्या दोघातिघांना विचारून पाहिलं. पण फोटोत जे आलंच नाही, ते कोणतं सॉफ्टवेअर आणणार? तिकीट काढून जावं म्हटलं, तर तिथे आता बघायला तरी काय उरलं होतं? काकांचे मेसेज येत राहिले आणि ऋता त्यांना नमस्काराचे हात पाठवत राहिली. मला तिचा रागही येत होता आणि कीवही.

शेवटी त्यांनी फोनच केला. मी तिच्याच स्वयंपाकघरात होते, फोन स्पीकरवर होता.

“घाई नाही, ताई. पण एक बातमी तेवढी आधी पाठवाल? आमच्या पणजोबांची. ते नावाडी. होडी उलटली तेव्हा त्यांनी माणसं बाहेर काढली आणि शेवटच्या खेपेला स्वतः पाण्यातच राहिले. त्यांचा फोटो नाही, काही नाही. नाव छापलेलं तेवढंच होतं. मी तुम्हाला दाखवली होती की. साबणाच्या शेजारी.”

ऋता ओट्याला धरून उभी होती. मग तिने सगळं सांगितलं, कुठेही सारवासारव न करता.

“मग साबणाचीच पाठवा,” काका म्हणाले. “शेजारी होती ना ती.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं ती नंतर म्हणाली. मलाही तेच वाटलं.

तिने तो फोटो मोठा करून पाहिला. साबणाच्या डाव्या कडेला शेजारच्या रकान्यातल्या ओळींची शेवटची अक्षरं आली होती. एखादं 'ली', एखादं 'स', एक काना. वाचता येईल असं काहीच नाही. एका ठिकाणी 'बा' होतं. पणजोबांचं नाव रखमाबा. ते 'बा' त्यांचं असेल, नसेलही. ऋता त्याच्याकडे इतका वेळ बघत बसली की मी शेवटी लॅपटॉप मिटला.

काकांना पाठवायला तो फोटो छापून घ्यावा म्हणून मॉलमधल्या फोटोच्या दुकानात आम्ही दोघी गेलो. तिथल्या म्हाताऱ्या चिनी अंकलनी पडद्यावर फोटो नीट निरखला. माणूस कामाचा पक्का. त्यांनी डाव्या कडेवर बोट ठेवलं.

“आंटी, धिस साइड नॉट क्लीन. आय क्रॉप फॉर यू, कॅन?”

ऋता नुसती मान हलवत राहिली, आणि अंकलना ते होकारासारखं वाटलं असावं, कारण ती कड कापायला त्यांनी माउस हातात घेतला.

“नको, नको,” मी मराठीतच म्हणाले आणि त्यांचा हात धरला.