हिरामणभाऊंची सुटणारी तार

तार तिसऱ्यांदा सुटली होती. पुन्हा तोच दात, वरचा, पुढचा, उजवीकडचा. हिरामणभाऊ खुर्चीत तोंड उघडून पडले होते. त्यांची बायको सुमनबाई माझ्याकडे असं बघत होती, की जणू शिलाई मशीन रिपेअरला टाकलंय आणि कारागीर काही कामाचा नाही.

जळगावात माझी प्रॅक्टिस मुख्यतः वाकडे दात सरळ करण्याची. नव्वद सालानंतरची ती वर्षं. माझ्याकडे तेव्हा बहुतेक लग्नाच्या मुली येत. पारोळ्याजवळच्या खेड्यातला चाळिशीचा माणूस आपणहून दात सरळ करायला आला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. काय करता विचारलं, तर शेती म्हणाले. तक्रार एकच, पुढच्या दातांतल्या फटीतून हवा जाते.

मूळ दुखणं हिरड्यांचं होतं. दात हाडात रोवलेला असतो. हिरड्यांच्या आजारात ते हाड झिजतं, दात सैल होतो आणि सरकतो. आधी हिरड्या बऱ्या केल्या, मग अगदी हलक्या जोराने दीड वर्षात फट मिटवली. पेशंटला वाटतं, संपलं. पण सरकवलेला दात जुन्या जागी परत जायला बघतो, आणि हाडच कमी असलं तर त्याला अडवणारं कोणी नसतं. अशा दातांना कायम धरून ठेवावं लागतं. त्याला आम्ही रिटेन्शन म्हणतो.

सुरुवातीला मी काढता-घालता येणारी प्लेट दिली. चार महिन्यांनी बघितली तर ती नवी कोरी, आणि फट पुन्हा उघडायला लागलेली. चौकशी केल्यावर कळलं, की सुमनबाईंनी प्लेट रुमालात गुंडाळून कपाटात, लुगड्यांखाली ठेवली होती. रोज वापरून झिजेल म्हणून भाऊ ती फक्त जळगावला येताना घालत.

मग फट पुन्हा मिटवली आणि पुढच्या चार दातांच्या मागे बारीक पिळाची तार चिकटवून टाकली. ती कपाटात जाणार नव्हती. पण ती सुटायला लागली.

मी उलटतपासणी केली. ऊस? नाही. सुपारी? नाही. दाताने बाटलीचं झाकण? सुमनबाईंनी साक्ष दिली, की भाकरीसुद्धा दुधात कुस्करून खातात. मग मी तार चिकटवायच्या मटेरियलला दोष दिला. मुंबईच्या डीलरला फोन करून झापलं. त्याने बिचाऱ्याने नवीन माल पाठवला. तोही सुटला.

त्याच महिन्यात माझी असिस्टंट लता हिच्या भाचीचं लग्न पारोळ्याला होतं. मी गेले. नवरदेवाची मिरवणूक मांडवाकडे येत होती, पोरं धुळीत नाचत होती. बँडच्या पुढे लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, गाल फुगवून क्लॅरिनेट वाजवणारा माणूस. माझे चार दात त्या क्लॅरिनेटवर टेकलेले होते.

हिरामणभाऊंनी मला बघितलं आणि सूर भलतीकडेच गेला. ढोलवाला थांबला. नाचणारी पोरं हात वर करून तशीच उभी राहिली. घोड्यावरचा नवरदेव वाकून बघायला लागला. मी घाईने मंगल अक्षता घेऊन बायकांत जाऊन बसले.

जेवणं झाल्यावर भाऊ मांडवामागे येऊन उभे राहिले, टोपी हातात घेऊन.

"मनं पोट त्यावरच शे," ते म्हणाले. "तुम्ही बंद कराले लावशात, म्हनीसन सांगं नही."

मी वाजवणं बंद करायला लावीन, या भीतीने त्यांनी धंदा लपवला होता. आता सगळा उलगडा झाला. फटीतून हवा जात होती ती बोलताना नव्हे, वाजवताना. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या पुढच्या दातांना टेकतं आणि त्यांना बाहेर ढकलतं. मी आत ओढत होते, ते लग्नसराईभर बाहेर लोटत होते. डीलर निर्दोष होता.

वाजवणं बंद करा, असं म्हणणं माझ्या अगदी जिभेवर होतं. पण वाद्य घेऊन क्लिनिकला या, एवढंच सांगितलं.

ते आले. दातांऐवजी वरचा ओठ आत दुमडून त्यावर वाद्य टेकवता येईल का, असं मी विचारलं. भाऊ म्हणाले, त्यांचे उस्ताद तसंच वाजवायचे, पण ओठ फार दुखतो म्हणून यांनी ते सोडून दिलं होतं. मी म्हटलं, वाजवून दाखवा. जो आवाज निघाला त्याने बाहेर दाढ काढायला बसलेले दोन पेशंट उठून गेले. लताने नंतर सांगितलं, त्यांना वाटलं आत कुणाची तरी दाढ निघाली.

मी या वेळी सुळ्यापासून सुळ्यापर्यंत सहाही दात एका तारेत बांधले. भाऊंनी सगळा पावसाळा शेतात जाऊन, ओठ दुमडून रियाज केला. सुमनबाईंच्या मते त्या काळात म्हशीने दूध कमी दिलं. दिवाळीनंतरच्या लग्नांत मात्र सूर जागेवर आला होता. ते दर तीन महिन्यांनी हिरड्या साफ करून घ्यायला येत राहिले, आणि मी प्रॅक्टिस करत होते तोवर ती तार तिथेच होती.

तेव्हापासून मी पेशंटला काय करता एवढंच विचारून थांबत नसे. दातांत काय काय धरता, तेही विचारायची. कचेरीतले एक साहेब या प्रश्नावर फार रागावले. मी काय जनावर आहे का, म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून चावलेली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.