मंगळवारचं सांडपाणी

साथ ओसरली, लोकांनी मास्क काढून टाकले, आणि आमचं हे काम सुरू झालं. मी नांदेडच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. दर मंगळवारी सकाळी शहराच्या सांडपाण्याचा नमुना आणायचा, गाळायचा आणि त्यात कोरोनाचा विषाणू आहे का ते बघायचं. आजारी माणूस तपासणीला येवो न येवो, त्याच्या घरचं पाणी नाल्यात येतंच. सापडला की नमुना बर्फात घालून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा. विषाणू किती बदललाय, ते तिकडून कळायचं. दुसऱ्या वर्षापर्यंत मला त्या अहवालांचाही कंटाळा आला होता. नवं रूप, पुन्हा नवं रूप. माझ्या हातात मात्र तीच बादली, तोच दोर.

नाल्यावरच्या चेंबरचं झाकण उघडायला एक सफाई कामगार यायचे. मुदखेडहून रोज रेल्वेने येणारे, पन्नाशीचे, अबोल. मी त्यांना मामा म्हणायची. त्यांची बायको दुसऱ्या लाटेत गेली, एवढं आमच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून कानावर आलं होतं. आमच्यात तो विषय कधी निघाला नव्हता.

एका मंगळवारी झाकण लावून झाल्यावर ते तिथंच कट्ट्यावर बसले. मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होते.

"म्याडम, ह्या पाण्यात तो अजून घावतो का?"

मी हो म्हटलं.

"तोच का? त्या साली व्हता तो?"

तो नाही, मी सांगितलं. प्रत्येक माणसाच्या शरीरात तो स्वतःच्या नकला काढतो, नकलेत चुका होतात, आणि ज्या चुकीमुळे तो जास्त पसरतो ती टिकते. त्या उन्हाळ्यातलं रूप आमच्या पाण्यात कधीचंच सापडलेलं नाही.

त्यांनी हातमोजे काढून बाजूला ठेवले. मग खाली बघत म्हणाले, "त्या साली म्या ह्याच नाल्यावर व्हतो. अंगावर उडालेलं पाणी घेऊन घरी जायचो. माझ्यामुळंच तिला झालं का?"

बादली खाली ठेवून मी त्यांच्याशेजारी बसले. सांडपाण्यात आम्हाला सापडतात ते बहुतेक त्याचे मोडके तुकडे; नाल्यातून कुणाला लागण झाल्याचं आमच्या तरी पाहण्यात नाही. तो पसरतो श्वासातून, आणि त्या उन्हाळ्यात तो गल्लीगल्लीत होता. हे सगळं मी सांगितलं. तुमच्यामुळे नाही, एवढंही म्हणावंसं फार वाटलं. पण श्वासातून तो कुणाकडून कुणाकडे गेला, हे मला कुठं माहीत होतं?

"नाल्यातून नाही, मामा," मी म्हणाले. "बाकीचं कुणालाच सांगता येणार नाही."

त्यांनी मान हलवली. घरी गेल्यावर ते अजून अंगणातच आंघोळ करतात, कपडे वेगळ्या बादलीत भिजवतात, असं त्यांनी सांगितलं. घरात आता दुसरं कुणी नाही. "सवय लागली," म्हणाले, आणि हातमोजे झटकून पुढच्या कामाला गेले. प्रयोगशाळेत परतल्यावर पहिला अर्धा तास मी नमुन्याला हातच लावला नाही.

पुढं नमुने महिन्यातून एकदा झाले, मग बंदच झाले. मामांची बदली दुसऱ्या प्रभागात झाली.

मागच्या हिवाळ्यात ते नांदेड स्टेशनवर भेटले. थकले होते. मीही थकले होते, पण माझं वय त्यांच्याएवढं नव्हतं. फलाटावर आम्ही चहा घेतला. गुडघे लई दुखून राहिलेत, म्हणाले. मी एका डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. तेवढ्यात त्यांची गाडी आली.