न मारलेली फुली

मास्तरांना जगात दोन गोष्टी इतरांपेक्षा नीट दिसायच्या. एक, दातातली फट. आणि दुसरी, साडूंचं बरं चाललेलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. दंतवैद्यांना कवळ्या करून देणाऱ्या दोन खोल्यांच्या कारखान्यात ते सव्वीस वर्षं बसत होते. हाताखाली चारपाच जण शिकून गेले, म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर आ वासून ओळीनं बसलेले प्लास्टरचे जबडे, मेण वितळवायचा दिवा, आणि सोळा छटांच्या दातांची एक पट्टी. बाकीचे ती पट्टी दाताशी धरून रंग जुळवायचे. मास्तर नुसत्या नजरेनं सांगायचे. "हा दात चाळीस वर्षं चहा प्यायलाय," ते म्हणायचे, "त्याच्या शेजारी हा दूधपिता बसवलात तर दोघांचं पटणार नाही." केसाएवढा चरा त्यांना हातभरावरून दिसायचा. डॉक्टर मंडळीही त्यांना वचकून असायची. असा हा माणूस, पण साडूंचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे यजमान. एका मोठ्या रुग्णालयाच्या खरेदी विभागात होते. कापसापासून खाटांपर्यंत सगळं घासाघीस करून घेणं हे त्यांचं कामच; पण घरी आल्यावरही त्यांना चैन पडायचं नाही. जी वस्तू मास्तर शंभराला आणत ती साडूंना साठाला मिळालेली असायची, वर पिशवी फुकट. बरं, मिळाली तर मिळाली, गप्प बसावं की नाही? छे. कप खाली ठेवून, मिशीतल्या मिशीत हसत विचारायचे, "कितीला घेतलीत, साडूबुवा?" मास्तर आकडा जरा कमी करूनच सांगायचे. तरी साडूंचा आकडा त्याच्या खालीच निघायचा.

इथवरही मास्तरांनी सोसलं असतं. सोसवायचं नाही ते बायकोचं. साडू आपल्या खरेदीची हकिगत सांगायला लागले की ती हातातलं काम ठेवून ऐकायची, आणि घरी परतताना हमखास म्हणायची, "भाऊजींना विचारून घेतलं असतंत तर!" बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की ती तोंड उघडायच्या आतच त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिनं एकदा तरी तसं हातातलं काम ठेवून आपलं ऐकावं, एवढीच त्यांची मागणी होती. ती त्यांनी अर्थातच तिला कधी सांगितली नाही. त्यापेक्षा चिडून बसणं सोपं होतं.

दोघी बहिणींनी मिळून परदेशात आठ दिवस हिंडून यायचं ठरवलं, तेव्हा तिकिटं, खोल्या, भाड्याची गाडी, सगळं साडूंकडे गेलं. मास्तरांकडे पिशव्या आल्या.

विमानतळावर भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरला गणवेशातली एक बाई होती. तिनं हसून सांगितलं, "भाड्यात विमा आहेच. पण गाडीला काही झालं तर नुकसानीतले पहिले नऊशे तुमचे, त्यावरचे विम्याचे. ते नऊशेही अंगावर नको असतील, तर रोजचे पंचवीस भरा."

तिथले नऊशे म्हणजे मास्तरांचा दीड महिन्याचा पगार. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. "भरून टाकू या," ते म्हणाले. "आठ दिवसांचे दोनशे होतात. डोक्याला घोर नको."

"थांबा हो," साडू म्हणाले, आणि त्यांनी बॅगेतून घडी घातलेला एक कागद काढला. "हा वेगळा विमा. दुसऱ्या कंपनीचा. महिनाभर आधी घरबसल्या काढला, याच नऊशेंसाठी. आठ दिवसांचे मिळून तीस! शिवाय यात काच, टायर, गाडीचं पोट, सगळं येतं. यांच्या पंचविसांत ते येत नाही, बारीक अक्षरात लिहिलंय बघा."

बाईंचं हसू जरा पातळ झालं. "मग नऊशे तुमच्या कार्डावर ब्लॉक करावे लागतील. काही झालं तर आम्ही त्यातून कापणार. तुम्ही मागाहून तुमच्या त्या कंपनीकडून मागून घ्या."

"करा ब्लॉक," साडू असे म्हणाले, जणू बाईंना बक्षीसच देतायत.

एकशे सत्तर वाचले. गाड्यांच्या तळाकडे चालताना बायको म्हणालीच, "पाहिलंत? आणि तुम्ही खिशात हात घातलासुद्धा!" मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एकशे सत्तर वाचले त्यात आपलेही निम्मे आहेत, हे त्यांना कळत होतं. पण कळून उपयोग काय? या माणसानं वाचवलेल्या पैशापेक्षा आपण बुडवलेले बरे, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

गाडी ताब्यात घेताना एक कागद मिळाला. त्यावर गाडीचं चारी बाजूंनी काढलेलं चित्र. आधीचा जिथे ओरखडा असेल तिथे फुली मारायची, सही करून कागद परत द्यायचा. ज्याच्यावर फुली नाही तो ओरखडा तुमचा. साडूंनी कागद आणि पेन मास्तरांच्या हातात दिलं. "हे काम तुमचं. तुमच्या नजरेतून काय सुटणार? मी बघितलं काय नि न बघितलं काय!"

ते मनापासून बोलले होते. पण मास्तरांना तेव्हा तेही टोचलं. आपण शहाणपणा करायचा आणि हमाली दुसऱ्याला द्यायची, असं मनात म्हणत ते गाडीभोवती फिरू लागले. पुढच्या बंपरवर एक फुली. आरशावर एक. दारावर एक. मग मागच्या चाकापाशी वाकले. चाकावरची पत्र्याची कमान जिथे आत वळते, तिथे बोटभर ओरखडा होता, दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. मास्तरांनी पेन कागदाला टेकवलं.

तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला, "भाऊजी, आमच्या ह्यांना जरा शिकवा हो काहीतरी!" साडू मोठ्यानं हसले. ताई हसल्या.

मास्तरांचं पेन थांबलं. क्षणभर ते तसेच वाकून राहिले. मग उठले, गुडघे झटकले, खाली सही केली आणि कागद देऊन टाकला. फुल्या तीनच होत्या. कापू देत एकदा यांचे पैसे, त्यांच्या मनात आलं. मग हिंडू देत त्या तीसवाल्या कंपनीच्या मागे अर्ज घेऊन. आणि बघू दे हिला, भाऊजींचंही कसं फसतं ते.

पुढचे आठ दिवस साडूंनी गाडी जपून चालवली. फुकट उभी करायला मिळते म्हणून लांब उभी केली, पेट्रोल दोन पंप सोडून तिसऱ्यावर भरलं आणि प्रत्येक वेळी किती वाचले ते सांगितलं. प्रत्येक वेळी बायकोनं "वा!" म्हटलं. मास्तर मनातल्या मनात दात खायचे आणि शेवटच्या दिवसाची वाट बघायचे. संध्याकाळी सगळे खोलीत गेले की हे पाय मोकळे करायच्या निमित्तानं गाडीपाशी जायचे आणि वाकून ओरखडा बघायचे. तो काय भरून येणार होता? पण बघितल्याशिवाय राहवायचं नाही. कधी त्यांना उकळ्या फुटायच्या, तर कधी कुणी बघत नाही ना म्हणून ते इकडेतिकडे पाहायचे.

त्यात साडूंनी पाचव्या दिवशी ताईंना मागे बसवलं. "पुढे या, साडूबुवा. मागे पाय आखडतात, तुमची कंबर धरलीय, मला दिसतंय," म्हणाले, आणि त्यांची पिशवीही स्वतः उचलली. मास्तर पुढे बसले, कंबरेला बरंही वाटलं. चांगुलपणासुद्धा या माणसाला स्वस्तात मिळतो, असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

परतीच्या दिवशी निळ्या कोटातला तपासनीस कागद घेऊन गाडीभोवती फिरला. बंपर, आरसा, दार. मागच्या चाकापाशी त्यानं कमानीखालून हात फिरवला आणि तो थांबला. "हा इथे नाही," कागद दाखवत तो म्हणाला. "पत्रा रंगवावा लागेल. साडेसहाशे."

ताई भडकल्या. "परवाच्या त्या अरुंद गल्लीत घासलीत! तरी मी म्हणत होते, सरळ दोनशे भरा! पण नाही. स्वस्त, स्वस्त, सारखं स्वस्त!" त्या असं काहीच म्हणत नव्हत्या, पण ते आता कोण सांगणार? साडू खाली बसून ओरखडा बघत होते. त्यांच्या मिशीतलं हसू गेलं होतं, आणि ते एकदम म्हातारे दिसायला लागले. हेच बघायला मास्तर आठ दिवस थांबले होते.

"आधीचा तर नसेल?" तपासनिसानंच विचारलं.

"नाही," साडू उठत म्हणाले. "गाडी ह्यांनी तपासली होती. ह्यांना केसाएवढा चरा दिसतो. तेव्हा असता तर कागदावर आलाच असता. म्हणजे माझ्याच हातून झालं. लिहा तुम्ही."

मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. तो कुठे गेला कुणास ठाऊक. "मी पाहिला होता," ते एकदम बोलून गेले. "पहिल्याच दिवशी."

ताई बोलायच्या थांबल्या. साडूंनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "साडूबुवा, मला बोलणी बसतायत म्हणून खोटं कशाला बोलता? उगीच तुमच्या नजरेला बट्टा. विमा आहे ना, मिळतील पैसे." आणि ते बाकावर बसून त्या तीसवाल्या कंपनीचा अर्ज भरायला लागले. "किती मोठं मन!" ताई मास्तरांकडे बघत म्हणाल्या.

मास्तर तिथेच उभे राहिले. सुटलो, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. खरं सांगितलं होतं, कुणी मानलं नाही, आता आपला काय दोष? पण बायकोनं त्यांना बाहीला धरून सामानाच्या गाडीपाशी नेलं.

"तुम्ही पाहिला होता," ती हळूच म्हणाली. "मला ठाऊक आहे."

"तुला काय ठाऊक? तू तर भाऊजींशी बोलत होतीस."

"बोलत त्यांच्याशी होते. बघत तुमच्याकडे होते. पेन टेकवलंत आणि उचललंत." तिचा आवाज चिडका नव्हता, हेच मास्तरांना जड गेलं. "रोज संध्याकाळी गाडीपाशी जायचात, तेही वरून, खोलीच्या खिडकीतून दिसायचं. आज सांगाल, उद्या सांगाल, म्हणून आठ दिवस थांबलेय मी."

"मग तूच का नाही सांगितलंस?"

"तुमची चहाडी भाऊजींकडे करू?" ती म्हणाली. "नवरा आहात माझे. आजवर कुणाकडे केली नाही, आता करू?"

मास्तर वळले. तपासनिसाला हाक मारून चाकापाशी घेऊन गेले, कंबर धरलेली असूनही गुडघ्यावर बसले, आणि नखानं ओरखड्याची कड उचलून दाखवली. "रंगाच्या खाली बघा. तपकिरी आहे ना? हा गंज आठ दिवसांचा नाही. ही धूळसुद्धा आत मुरलीय. नव्या ओरखड्याचा पत्रा चमकतो." तपासनिसानं बॅटरी लावली, काउंटरवरच्या बाईंना बोलावलं, बाईंनी जुने कागद काढले. दोन भाड्यांमागच्या कागदावर त्याच जागी कुणीतरी फुली मारलेली होती. बाईंनी साडेसहाशेंवर काट मारली आणि माफी मागितली.

साडू अर्धा भरलेला अर्ज हातात घेऊन उभे होते. "म्हणजे खरंच पाहिला होतात?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

दोघी बहिणी बघत होत्या. मास्तर उठले, पण गुडघे झटकायला विसरले. "तुमचा हेवा वाटतो म्हणून," ते म्हणाले. "बावीस वर्षं वाटतोय. एकदा तरी तुमचं चुकावं, आणि ते हिनं बघावं, असं वाटत होतं."

साडूंनी अर्जाची घडी घातली, मग पुन्हा उलगडली. ताई दोन पावलं पुढे गेल्या तसे ते खालच्या आवाजात म्हणाले, "माझं चुकतं हो, साडूबुवा. महिन्यातून चारदा चुकतं. स्वस्तात आणलेलं आठ दिवसांत मोडतं, ते मी कुणाला सांगत नाही. तुमच्याकडे येऊन फक्त साधलेलं सांगतो. चुकलेलं सांगायला मला माणूस नाही."

मास्तरांनी बाकावरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि शेजारी जागा केली.

"बसा," ते म्हणाले. "सांगा."