अर्धं बोट जास्त

कात्रीताईंचं केस कापायचं दुकान म्हणजे दोन खुर्च्या आणि एक लांबलचक आरसा. कात्रीइतकीच जिभेलाही धार, म्हणून हे नाव. केस कापून पोट भरायचं आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की गोष्टी लिहायच्या. त्याही कुणासाठी, तर तेरा-चौदा वर्षांच्या पोरांसाठी. म्हणजे ज्यांना लहान म्हटलं की राग येतो आणि मोठं म्हटलं की घाम फुटतो. दोन पुस्तकं छापूनही झाली होती. गल्लीत कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं, ते जाऊ द्या.

लिहिलेलं खरं उतरलंय की नाही, हे ताई डोक्यावरून ओळखायच्या. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून. शाळेतली मुलगी खुर्चीत बसली, की गळ्याभोवती कापड बांधायचं, केसांवर पाणी मारायचं आणि गोष्ट सांगायला लागायचं. गोष्ट खरी असेल तर डोकं जागचं हलत नाही. कुठे थाप मारली, की मान वळते, पाय हलायला लागतो, कापडाखालून हात मोबाइलकडे जातो. तेवढा भाग ताई मुकाट्याने काढून टाकायच्या.

या वेळी मात्र घोडं शेवटापाशी अडलं होतं. आईबाप वेगळे झालेली एक मुलगी वडिलांकडे राहायला जाते, आणि शेवटी बॅग घेऊन आईच्या दारात उभी राहते. इथे आलं, की झाडून सगळ्या पोरी चुळबुळ करायच्या. एका चष्मेवालीने तर आरशातूनच सुनावलं, "ताई, ती कशाला परत येईल? तिकडे तिची खोली आहे, मैत्रिणी आहेत. ती यावी असं तुम्हाला वाटतंय, म्हणून येतेय ती."

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. आता यात त्या पोरीची काय चूक? ताईंची लेक बापाकडे राहायला गेलीय, हे तिला कुठून माहीत असणार. तो शेवट ताईंनी वाचणाऱ्यांसाठी लिहिलाच नव्हता. लेक परत यावी, एवढं एकच त्यांना हवं होतं. तिच्या पलंगावरची चादर त्या अजून बदलायच्या, तिथे कुणी झोपत नसलं तरी.

लेक यायची ती फक्त केस कापायला. तेवढा वेळ तिचं डोकं हातात मिळायचं, म्हणून ताई फार सावकाश कापायच्या.

चष्मेवालीचं बोलणं काही डोक्यातून जाईना. शेवटी एका दुपारी ताईंनी दार लावून घेतलं आणि नवा शेवट लिहिला. मुलगी परत येत नाही. वडिलांच्या घरी तिला शांत झोप लागते, आणि झोप लागते याचीच तिला आईसमोर लाज वाटते. लिहिताना ताई ढसाढसा रडल्या.

पुढे लेक आली, तेव्हा ताईंनी कापड बांधलं आणि सांगायला सुरुवात केली. डोकं हललं, तर लिहिलेलं खोटं. नाही हललं, तर लेक गेलीच.

डोकं हललं नाही.

"संपली?" लेकीने विचारलं.

"संपली. आणि तुझे केसही झाले."

"पण मग तिची आई काय करते?"

"काय करणार? वाट बघते."

लेकीने कपाळावरची बट खाली ओढली. ती थेट डोळ्यात गेली. "हे बघ. दर वेळी अर्धं बोट जास्त ठेवतेस. मला लवकर यावं लागावं, म्हणून."

ताई उगाच कंगव्यातले केस काढत बसल्या.

"बाबांच्या घराखालीच पार्लर आहे, आई," लेक आरशात बघत म्हणाली. "मी तिथे एकदाही गेले नाही. हे लिही ना."

ताईंनी डोळे पुसले आणि पुन्हा कात्री उचलली. "थांब, नीट कापून देते."

"नको," लेक गळ्याचं कापड सोडत म्हणाली. "राहू दे तेवढे."