मालाबरोबर तापलेला तुकडा

गायकवाड बाई वारल्या, त्यांच्या पुण्यानुमोदनाला आमच्या लॅबचा जुना मालक डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीत आला आणि हात जोडून म्हणाला, "बाई म्हणजे आमच्या घरच्याच." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरच्या? वीस वर्षं लॅब सांभाळणाऱ्या बाईला तू एका दुपारी पिशवी उचलायला लावलीस, मेल्या! त्यांची सून रडत होती म्हणून मी तोंड आवरलं. इथे आवरणार नाही.

काळाचौकीच्या एका गाळ्यात आमची धातू तपासायची लॅब. बाई तिथल्या मुख्य. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा रिपोर्ट टराटरा फाडला. स्टेनलेस स्टीलच्या ओतीव भागाचा कठीणपणा मी यंत्रावर मोजला होता, आणि तो किती ताण सोसेल ते भिंतीवरचा तक्ता बघून लिहून टाकलं होतं.

"तक्ता बघून ताकद लिहिलीस? मग पत्रिका बघून नवरा कर, तोंड बघूच नको त्याचं! तुकडा लाव मशीनला. ओढ. तुटेपर्यंत ओढ, मग लिही."

हा तुकडा म्हणजे त्याच रसातून ओतलेली, मालाबरोबर त्याच भट्टीत तापवलेली कांडी. माल तोडून बघता येत नाही, म्हणून ती तोडायची. भाकरी आणि बोंबलाची चटणी खाता खाता बाईंनी मला समजावलं, "लाल तापवून, तेलात विझवून कडक केलेला माल पुन्हा बेताने तापवतात. कमी तापवला तर कठीण राहतो, पण तडकतो. जास्त तापवला तर नरमतो, मग ताण सोसत नाही. मधे बोटभर जागा आहे. त्या बोटभर जागेसाठी आपल्याला पगार देतात, कळलं?"

माझे वडील इस्पितळात होते तेव्हा आठवडाभर माझं काम त्यांनी उरकलं. मी आभार मानले तर वसकन अंगावर आल्या, "आभार कसले मानतेस? तुझे दोन आकडे चुकले होते, ते बघ आधी!"

मग ते पंखे आले. आग विझवायच्या पंपात फिरणारे. फुटले तर पंपाचं कवच फोडून बाहेर येतील असे. पहिल्या तपासणीत कठीणपणा मर्यादेच्या वर गेला. पंखे ओतणाऱ्या कारखान्याने माल पुन्हा तापवला. आता कठीणपणा मर्यादेत बसला, पण तुकडा ठरलेल्या ताणाच्या आधीच तुटला. बाईंनी नापास लिहिलं. दोन दिवसांनी कारखान्याचा माणूस नवा तुकडा घेऊन हजर. तो झकास पास झाला.

बाईंनी एकच विचारलं, "हा मालाबरोबर भट्टीत होता?"

माणूस मालकाकडे बघायला लागला. तुकडा वेगळा, छोट्या भट्टीत मापात तापवून आणलेला होता.

"बाई, थोडं ॲडजस्ट करा ना," मालक म्हणाला. "एवढी वर्षं मीच तुम्हाला सांभाळून घेतलं."

"मला कोण सांभाळतंय? शिकले, म्हणून इथे बसलेय. ही सही नाही होणार."

"मग उद्यापासून येऊ नका."

बाई गेल्या. रिपोर्ट माझ्यापुढे आला. खोटं कशाला सांगू, मी घाबरले. घरी मीच एकटी कमावती. सही केली. मालकाचा राग येतो तो येतोच, पण त्याहून जास्त स्वतःचा येतो.

संध्याकाळी बाईंच्या खोलीवर जाऊन मी रडत सॉरी म्हटलं.

"मला कशाला सॉरी? मी उभी राहणारेय का त्या पंपाशेजारी? जो उभा राहणार, त्याच्यासाठी काय केलंस? पंपवाल्या कंपनीला फोन लाव. आत्ता."

मी लावला. "साहेब, त्या रिपोर्टमध्ये थोडा घोळ..." एवढं बोलते तोच बाई कडाडल्या, "घोळ काय घोळ! नापास माल पास केला, म्हण! मी सही केली, म्हण!"

मी तसंच म्हटलं. पलीकडच्या माणसाने रिपोर्टचा नंबर लिहून घेतला. मग म्हणाला, "माल थांबवतो. नाव काय तुमचं?"

मी बाईंकडे पाहिलं. त्या पाठ करून तांदूळ धुवायला लागल्या होत्या. मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट.