सड्यावरचा ओटीपी

प्राथमिक शाळेत मी चौतीस वर्षं शिकवलं आणि त्यातली शेवटची दहा मोबाईलच्या नावानं बोटं मोडण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर मुलीनं पुण्याहून स्मार्टफोन पाठवला. तो मी तिच्याशी बोलण्यापुरता वापरायचे आणि एरवी कपाटात ठेवायचे. मग लॉकडाऊन आलं आणि आमचं जगणं हळूहळू त्या फोनात शिरत गेलं. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी देवगडच्या दुकानदाराला चिठ्ठीचा फोटो पाठवायचा. डॉक्टरांना जीभ पडद्यावर दाखवायची. माझा थोरला भाऊ मुंबईत गेला, तेव्हा त्याच्या तेराव्यालाही मी फोन भिंतीला टेकवून हात जोडून बसले होते. एक दिवस रेंज गेली, तेव्हा घराचं दार बाहेरून कुणी लावून घेतल्यासारखं मला वाटलं. त्या दिवशी मी मनाशी कबूल केलं, की आता याच्यावाचून आपलं चालत नाही. चालत नाही, तर निदान नीट शिकू तरी.

लस आली तेव्हा आमच्या दोघांची नावं मुलीनंच पुण्यातून नोंदवली. आम्ही टोचून घेऊन आलो. चार दिवसांनी शेजारची काकी अंगणात येऊन उभी राहिली. सत्तरी ओलांडलेली, पन्नास वर्षं डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासळी विकलेली बाई. तोंडाला पदर लावून म्हणाली, "बाई, ता ऑनलाईन खंय मिळता?"

मला आधी कळेना. मग तिनं सांगितलं. ती आणि वाडीतली आणखी काही म्हातारी माणसं दोनदा पहाटे उठून आरोग्य केंद्रावर चालत गेली होती. "दोनय वेळा परत धाडल्यानी. ऑनलाईन करून येवा म्हणतत."

वाडीत त्या महिन्यात दोन माणसं गेली होती, त्यातला एक तर काकीच्या दारासमोर राहणारा. ती घाबरली होती, पण तसं बोलून दाखवत नव्हती.

मी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "पाठव नंबर, मी करते." पण काकीकडे बटणांचा फोन, आणि आमच्या वाडीत रेंज कधी येते, कधी नाही. मुलीनं पुण्यातून मागवलेला ओटीपी काकीच्या फोनवर अर्ध्या तासानं पोचला. तोवर त्याची मुदत संपून गेलेली. तीनदा असंच झालं.

"आई, हे इथून होणार नाही," मुलगी म्हणाली. "जिथं रेंज आहे तिथं सगळे फोन घेऊन जा आणि तूच कर."

"मी?"

"तूच. चार चार जणांची नावं एका नंबरवर बसतात. मी शिकवते."

रेंज होती ती सड्यावर, म्हणजे गावामागच्या जांभ्या दगडाच्या पठारावर. तिथल्या एका काजूच्या झाडाखाली मी शिकायला बसले. व्हिडिओ कॉलवर मुलगी आणि हातात माझी शाळेची जुनी वही. कुठं दाबायचं ते मी क्रमानं लिहून घेतलं. शेवटी वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं यायची, ती ओळखून टाकायची असत. त्यात मी पाच वेळा नापास झाले. मुलगी म्हणाली, "घाई करू नकोस, नीट बघून लिही." हे वाक्य मी हजारदा मुलांना ऐकवलं होतं. मला हसू आलं आणि सहाव्या वेळी अक्षरं बरोबर आली.

वाडीतली अकरा म्हातारी माणसं होती. त्यांची आधार कार्डं गोळा करून नावं भरली. खरी तारीख माहीत नसलेल्या नऊ जणांचा जन्म कार्डावर एक जानेवारीचा. माझा फोन, काकीचा फोन आणि जन्मभर मासेमारीची होडी चालवलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलाचा, असे तीन नंबर झाले. उरलं होतं जागा मिळवणं. जागा संध्याकाळी पाचच्या सुमाराला उघडायच्या आणि मिनिटाभरात संपायच्या. आमच्या गावच्या केंद्रावर लांबलांबच्या शहरांतली माणसं नाव लावून गाडीनं येत होती, आणि आमची माणसं केंद्राच्या फाटकावरून परत फिरत होती.

पहिल्या दोन संध्याकाळी आमच्या हाती काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी वादळ आलं. माड आडवे झाले, विजेचे खांब वाकले, आठ दिवस काळोख. मोबाईल होडीच्या बॅटरीवर चार्ज करून घेतले. रेंज परतली तीही सड्यावरच.

वादळानंतर नवव्या दिवशी आम्ही पुन्हा वर गेलो. या वेळी काकी म्हणाली, मी पण येतंय, फोन दुसऱ्याच्या हातात देवचंय नाय. तांडेलही काठी टेकत आला. त्याला ऐकू कमी यायचं, म्हणून त्याचा फोनही काकीनं आपल्या हातात घेतला.

"काकी, वाचता येईल ना?" मी विचारलं.

"अक्षर येणा नाय. आकडो येता. आकडो नाय येतो तर मासे कसे इकले असते?"

पाच वाजून गेले. मी पान उघडत होते, बंद करत होते. केंद्राच्या नावापुढचा लाल चौकोन अचानक हिरवा झाला. माझ्या नंबरवरचे चौघे झाले. लगेच काकीचा नंबर टाकला. तिच्या हातातला फोन वाजला.

"सांगा."

तिनं फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक आकडा ठणठणीत आवाजात सांगितला. सहाच्या सहा बरोबर. आणखी चौघे झाले. मग तांडेलाचा नंबर. ओटीपी येईना. काकी उठली, दोन्ही फोन उंच धरून झाडापासून वीस पावलं उघड्यावर गेली आणि तिथून ओरडली, "इलो, बाई, इलो. लिवा." मी लिहिलं. पडद्यावर शेवटच्या तिघांची नावं उमटली. त्याखाली गावच्या केंद्रात तीन जागा शिल्लक होत्या, त्या वेडी अक्षरं बघून लिहून आम्ही घेतल्या.

काकीनं माझ्याकडे बघून विचारलं, "झाला?" मी मान हलवली. ती तांडेलाच्या कानाशी जाऊन ओरडली, "झाला रे." तो जांभ्यावर बसला आणि डोळे पुसायला लागला.

दोन दिवसांनी मासळीचा टेम्पो धुऊन त्यात खुर्च्या टाकल्या आणि अकरा जणांना केंद्रावर नेलं. सगळ्यांच्या अंगावर जत्रेचे कपडे होते. नर्सबाईनं यादी काढून काकीचं पूर्ण नाव मोठ्यानं पुकारलं. लग्न होऊन आल्यापासून ती गावात कुणाची सून, कुणाची आई, नाहीतर नुसती काकी होती. ती क्षणभर हललीच नाही. मग पुढे गेली.

"आजी, नाव कोणी नोंदवलं तुमचं?" नर्सबाईनं विचारलं.

"बाईंनी लिवल्यानी," ती म्हणाली. "नंबर मी वाचलंय."

लस घेऊन अर्धा तास सगळे बाकावर बसले होते. फाटकावर जुन्याच ओळखीचा शिपाई होता, ज्यानं त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. त्यानं स्वतः येऊन सगळ्यांना पाणी दिलं. तांडेलानं त्याला मोबाईलवरचा संदेश दाखवला. शिपायानं नावं आधीच यादीत बघितली होती, तरी संदेश पूर्ण वाचला.

त्या आठवड्यात शेजारच्या दोन वाड्यांतून माणसं आधार कार्डं घेऊन आमच्या अंगणात यायला लागली. मी वहीची नवीन पानं आखली. काकीला एक खुर्ची दिली आणि आम्ही दोघींनी कामाला सुरुवात केली.